मुक्या प्राण्यांना भूल देण्यापूर्वी

(चोपडे, तालुका पेडणे येथे ग्रामस्थ, अधिकारी व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



शापोरा नदीच्या या काठावर, आगरवाड्याच्या मिठागरांपासून मोरजीच्या किनाऱ्यापर्यंत, ज्या घराच्या पडवीत कुत्रा नाही आणि चुलीपाशी मांजर नाही असे घर विरळाच. हा कुत्रा दिवसा पडवीत निजतो, रात्री माडांच्या भाटात राखण करतो, खाजनातील बांधावरून हिंडतो आणि दुपारी घरातील उरलेली पेज व माशाची आमटी खातो. शहरातील सदनिकेत गादीवर झोपणाऱ्या कुत्र्याची राहणी वेगळी, याची वेगळी. आजच्या विषयाचा या राहणीशी फार निकटचा संबंध आहे, म्हणून तिचा उल्लेख आरंभीच केला.

विषय असा की, निर्बीजीकरण, गाठ काढणे, मोडलेले हाड बसविणे अशा कोणत्याही शस्त्रक्रियेसाठी जनावराला भूल द्यावी लागते, आणि ती देण्यापूर्वी त्याची कोणती तपासणी व्हावयास हवी. हा प्रश्न केवळ पशुवैद्यकाचा आहे अशी समजूत असते. ती बरोबर नाही. शस्त्रक्रियेस नेलेली घरची कुत्री परत आली नाही, तर त्या घरातील मुलांचे अश्रू हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की ती बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या वाड्यावर पोहोचते आणि त्यानंतर जनावरांच्या डॉक्टरांची गाडी आली की दारे बंद होतात. रेबीजच्या लसीला भूल लागत नाही. पण लस टोचणारा आणि शस्त्रक्रियेसाठी नेणारा हे लोकांच्या दृष्टीने एकच. गोव्यात राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी २०१४ पासून कुत्र्यांच्या लसीकरणाचे फार मोठे काम केले, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. हे यश टिकवावयाचे तर दरवर्षी शंभरातील सुमारे सत्तर कुत्र्यांना लस मिळत राहिली पाहिजे. अशा वेळी एका कुत्रीचा टाळता येण्याजोगा मृत्यू किती महागात पडतो, हे अधिकारीवर्गाने ध्यानी घ्यावे.

भूल म्हणजे झोप नव्हे. झोपेत मनुष्य कुशीवर वळतो, घशात काही आले तर खोकतो, थंडी वाजली तर पांघरूण ओढतो. भुलीत यांतील काहीच होत नाही. रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, अंगाची ऊब कमी होते. औषध शरीरात गेल्यावर ते निष्प्रभ करण्याचे काम मुख्यतः यकृताचे आणि बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचे. निरोगी जनावर हा भार सहज पेलते. ज्याचे रक्त कमी आहे किंवा ज्याची मूत्रपिंडे आधीच थकली आहेत, ते जनावर एरवी हिंडते, भुंकते, खाते. पण या एका तासाच्या परीक्षेत मागे पडते.

धोका किती, याचे उत्तर आकड्यांत देता येते. इंग्लंड व आसपासच्या प्रदेशात २००२ ते २००४ या काळात सुमारे ९८ हजार कुत्री आणि ७९ हजार मांजरे यांच्या भुलीच्या नोंदी ठेवण्यात आल्या व त्यांचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. भुलीशी निगडित मृत्यू कुत्र्यांत सुमारे सहाशेंत एक आणि मांजरांत सुमारे चारशेंत एक आढळला. परंतु यातील खरी शिकवण त्यापुढच्या विभागणीत आहे. निरोगी कुत्र्यांत हे प्रमाण सुमारे अठराशे पन्नासांत एक होते. आजारी कुत्र्यांत पंचाहत्तरांत एक. म्हणजे तेच औषध, तशीच टेबले, तसेच हात. आणि धोक्यात जवळजवळ पंचवीसपट फरक. जनावर या दोहोंपैकी कोणत्या रांगेत उभे आहे, हे आधी ओळखणे यालाच भूलपूर्व तपासणी म्हणतात.

ही ओळख कशी करावी याविषयी वैद्यकाने स्वतः मोठी चूक केलेली आहे, आणि ती आपल्या शेजारीच, दख्खनमध्ये घडली. १८४६ साली बोस्टन येथे ईथरची भूल जाहीरपणे देण्यात आली. पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्म आले आणि १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिलेली पंधरा वर्षांची एक मुलगी टेबलावरच मरण पावली. हृदयाकडे पाहावे की श्वासाकडे, असा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. तेव्हा हैदराबादचे शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांच्या आग्रहाने निजाम सरकारने १८८८ आणि १८८९ असे दोन क्लोरोफॉर्म आयोग भरविले. शेकडो प्राण्यांवर, त्यांत बहुसंख्य कुत्र्यांवर, प्रयोग झाले. निष्कर्ष असा निघाला की श्वासावर लक्ष ठेवले की पुरे, हृदयाची चिंता नको. १९११ साली लेव्ही या इंग्रज संशोधकाने मांजरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले की हलक्या भुलीतही क्लोरोफॉर्मने हृदय एकाएकी थांबू शकते. हैदराबादच्या त्या मुक्या प्राण्यांनी दिलेला पुरावा अपुरा वाचला गेला होता. एकच खूण पाहून निश्चिंत होण्याचा मोह तेव्हा होता आणि तो आजही आहे; फक्त आज त्या खुणेच्या जागी प्रयोगशाळेचा छापील कागद आला आहे.

जर्मनीतील लायप्झिग येथे १,५३७ कुत्र्यांची अशी पाहणी झाली, तीही २००८ साली प्रसिद्ध झाली. ज्या कुत्र्यांच्या पूर्ववृत्तात आणि प्रत्यक्ष तपासणीत काहीही वावगे नव्हते, त्यांचे रक्त तपासल्यावर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली असती असे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होते, आणि भुलीची पद्धत बदलावी लागेल असे हजारी दोन. याचा अर्थ रक्त तपासू नये असा नाही. अर्थ असा की चांगल्या डॉक्टराचे कान, बोटे आणि मालकाला विचारलेले दहा प्रश्न यांनी बहुतेक काम होते. त्यांची जागा यंत्र घेऊ शकत नाही. हे न करता थेट लांबलचक चाचण्यांची यादी हाती देणे म्हणजे मालकाचा खर्च वाढविणे होय.

तथापि लायप्झिग म्हणजे चोपडे नव्हे. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडते. इकडे बाराही महिने दमट उबारा आणि त्यात गोचीड. कुत्र्याच्या कानाच्या पाळीत, बोटांच्या बेचक्यांत, मानेखाली बसणारा हा तपकिरी गोचीड केवळ रक्त पितो असे नाही. तो ‘एर्लिकिया’ आणि ‘बॅबेसिया’ असे रोगजंतू अंगात सोडतो. पहिल्याने पांढऱ्या पेशींत ठाण मांडून रक्त गोठविणारे बिंबाणू कमी होतात. दुसऱ्याने तांबड्या पेशी फुटतात. एर्लिकियाचे लक्षात ठेवण्याजोगे लक्षण हे की पहिला ताप ओसरल्यावर कुत्रा महिनोनमहिने, प्रसंगी वर्षानुवर्षे, वरून ठणठणीत दिसतो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याची शेकडो उत्तम शिकविलेली कुत्री १९६८ नंतरच्या दोन-तीन वर्षांत याच रोगाने दगावली. कित्येकांच्या नाकातून रक्ताची धार लागे. निरोगी कुत्र्याच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारणतः दोन ते पाच लाख बिंबाणू असतात. ते वीस-तीस हजारांवर आलेल्या कुत्रीचे गर्भाशय काढावयास घेतले, तर शस्त्रक्रिया कितीही कुशल असली तरी बारीक बारीक जागांतून रक्त झिरपत राहते आणि ते थांबविण्यास बांधावयाला धमनीच सापडत नाही.

म्हणून या किनारपट्टीत, ज्या कुत्र्याच्या अंगावर गोचीड आहे किंवा गेल्या वर्षभरात होता, त्याच्या बाबतीत रक्ताच्या एका थेंबाची काचपट्टी आणि बिंबाणूंची मोजणी ही चैन समजू नये. काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यास मोठे यंत्र लागत नाही. पाहणारा डोळा मात्र सरावलेला हवा. केसाएवढ्या काचनळीत रक्त घेऊन फिरविले की तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण कळते. ते कुत्र्यात साधारण ३७ ते ५५ असते. रोग सापडलाच तर बहुधा चार आठवड्यांच्या औषधाने तो आटोक्यात येतो आणि शस्त्रक्रिया महिना-दीड महिन्याने निर्धास्तपणे करता येते. निर्बीजीकरण महिन्याने झाले म्हणून काही बिघडत नाही.

मूत्रपिंडांची गोष्ट थोडी फसवी आहे. रक्तातील क्रिएटिनिन हा घटक मूत्रपिंडांची जवळजवळ तीन-चतुर्थांश शक्ती नष्ट होईपर्यंत वाढलेला दिसत नाही. तेव्हा कागदावरचा आकडा योग्य मर्यादेत आहे एवढ्यावरून म्हाताऱ्या मांजराची मूत्रपिंडे निरोगी ठरत नाहीत. त्यापूर्वीच लघवी पाण्यासारखी पातळ होऊ लागते. सकाळची लघवी स्वच्छ बाटलीत धरून नेली तर तिचे विशिष्ट गुरुत्व क्षणात मोजता येते. आणि त्याहीपूर्वी घरातील बाईच्या लक्षात आलेले असते की पाण्याचे भांडे हल्ली दोनदा भरावे लागते. ही तिची गोष्ट डॉक्टरांनी विचारली पाहिजे आणि तिने सांगितली पाहिजे. प्रत्यक्षात जनावराला घेऊन येतो तो घरातील तरुण मुलगा, आणि त्याला पाण्याच्या भांड्याविषयी काहीच ठाऊक नसते. भातखाचरांतून हिंडणाऱ्या कुत्र्याला लेप्टोचा आजार होऊन गेलेला असणे शक्य असते. त्याचाही घाव यकृत व मूत्रपिंडांवरच पडतो.

लपवाछपवी हा या विषयातील सर्वांत नाजूक भाग. कुत्र्याला ताप आला म्हणून घरातली गोळी दिली, हे सांगावयास लोक संकोचतात. डॉक्टर रागावतील असे वाटते. पण अंगदुखीवर माणसे घेतात त्या गोळ्यांपैकी अनेक कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना अपाय करतात, आणि मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. कुत्री माजावर आहे का, तिला लावले आहे का, पूर्वी कधी फीट आली होती का, जिना चढताना दम लागतो का, खोकला रात्री येतो का, हे सारे सांगावे. रागावणारा डॉक्टर क्वचित भेटतो. भेटलाच तर त्याचा राग सोसावा.

उपाशी ठेवण्यासंबंधी तर उघडच बोलले पाहिजे. शस्त्रक्रियेच्या दिवशी पहाटे, ‘बिचारीला उपाशीपोटी कसे पाठवू’ म्हणून पेजेचे चार घास घालणारी माउली दयाळू असते, यात शंका नाही. पण भुलीत पोटातील अन्न घशाशी येते, तेथून श्वासनलिकेत उतरते, आणि जनावर टेबलावर किंवा तीन दिवसांनी फुप्फुसदाहाने मरते. प्रौढ कुत्र्या-मांजरास सहा ते आठ तास अन्न देऊ नये. पाणी मात्र निघेपर्यंत द्यावे. उन्हाळ्यात पाणी तोडणे हा निष्कारण छळ होय. अगदी लहान पिल्लांच्या अंगात साखरेचा साठा नसतो, त्यांना रात्रभर उपाशी ठेवणे धोक्याचे. त्यांची वेळ डॉक्टरांनाच विचारावी. सशाला तर उपास मुळीच नको, तो उलटी करूच शकत नाही. गुरांचे शास्त्र याहून निराळे: रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट रिकामे व्हावयास दिवस लागतात, आणि झायलाझिन नावाच्या गुंगीच्या औषधाची जी मात्रा घोड्याला लागते तिच्या सुमारे दशांशातच गाय बसते. शेजाऱ्याच्या कुत्र्याला अमुक इतके इंजेक्शन दिले होते असा हिशेब लावणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

मात्रा ठरते ती वजनावरून, आणि वजन अंदाजाने सांगण्याची आपल्याकडे फार हौस. बारा किलोची कुत्री अठरा किलोची सांगितली की भूल दीडपट होते. शाळेत किंवा आरोग्य केंद्रात वजनाचा काटा असतो. आधी माणसाने एकट्याने उभे राहावे, मग कुत्र्याला उचलून, आणि वजाबाकी करावी. ही वजाबाकी चौथीची मुलेही करतील. शिक्षकांनी ती करून घेतली तर मुलांना एक उदाहरण आणि डॉक्टरांना एक खरा आकडा मिळेल.

जातीचाही विचार करावा लागतो. दख्खनमधील कारवान, कर्नाटकातील मुधोळ यांसारखी सडपातळ, वेगाने धावणारी कुत्री अंगात चरबी नसल्यामुळे काही जुन्या भुलीच्या औषधांतून फार सावकाश शुद्धीवर येतात. याउलट दूरध्वनीच्या एका जाहिरातीनंतर २००३ च्या सुमारास घरोघर दिसू लागलेला चपट्या नाकाचा पग: त्याचा श्वासमार्ग जन्मतःच अरुंद, आणि त्याला खरा धोका असतो तो नळी काढल्यावर. आपली गावठी कुत्री या बाबतीत भाग्यवान आहे. तिचे नाक निसर्गाने दिले तसेच लांब राहिले आहे.

रस्त्यावरील कुत्र्यांच्या निर्बीजीकरण शिबिरांत प्रत्येक कुत्र्याचे रक्त प्रयोगशाळेत पाठविणे शक्य होत नाही, ही वस्तुस्थिती मान्य केली पाहिजे. तेथे पूर्ववृत्त सांगणारा मालकही नसतो. परंतु म्हणून तपासणीच नको असे होत नाही. ओठ उचलून हिरडीचा रंग पाहावा. ती गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत आला पाहिजे. ताप १०३ अंशांच्या पलीकडे आहे का, जबड्याखालील गाठी सुजल्या आहेत का, पोटात पिल्ले आहेत का, पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत का. हे ठिपके म्हणजे बिंबाणू घटल्याची खूण. यास तीन-चार मिनिटे लागतात. एका दिवसात अमुक शस्त्रक्रिया झाल्याच पाहिजेत असे उद्दिष्ट वरून आले की पहिला बळी या तीन-चार मिनिटांचा जातो. ज्या अधिकाऱ्यांच्या सहीने अशी उद्दिष्टे निघतात, त्यांनी फिकट हिरडीच्या कुत्र्याला परत पाठविणाऱ्या डॉक्टरास जाब विचारू नये, पाठ थोपटावी.

काही प्रसंगी थांबता येत नाही. निर्बीजीकरण न झालेली वयस्क कुत्री माजानंतर महिना-दोन महिन्यांत अन्न सोडते, खूप पाणी पिते, ओकते. तिच्या गर्भाशयात पू झालेला असतो. येथे रक्ततपासणी शस्त्रक्रिया टाळण्यासाठी नसते. सलाईन किती द्यावे, साखर उतरली आहे का, मूत्रपिंडे कितपत तग धरतील, हे जाणून काही तासांत तिला टेबलावर नेण्यायोग्य करण्यासाठी ती असते. अशा वेळी संमतीपत्रावर धोका मोठा असल्याचे लिहिलेले असेल. ते वाचून, न कळलेले विचारून मग सही करावी. पंचाहत्तरांत एक हा आकडा याच रांगेचा. तरीही त्यातील बहुसंख्य जगतात, आणि शस्त्रक्रिया न केल्यास जगण्याची आशा फारच थोडी.

इंग्लंडच्या त्या पाहणीतील आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. मृत्यू पावलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्मी आणि मांजरांपैकी निम्म्याहून अधिक शस्त्रक्रिया संपल्यानंतर दगावली, आणि त्यांतील बहुतेक पहिल्या तीन तासांत. म्हणजे टाके घालून झाले, हातमोजे उतरले, सर्वांनी चहा मागविला, त्या वेळी. अर्धवट शुद्धीतील कुत्रीला पोत्यात घालून स्कूटरवरून शिवोलीच्या पुलापलीकडून घरी आणण्याची घाई करू नये. मान उंच धरून उभे राहीपर्यंत तिला तेथेच राहू द्यावे. घरी आणल्यावर कुशीवर, मान सरळ ठेवून, कोरड्या गोणपाटावर निजवावे, पावसाळ्यात वरून जुनी चादर घालावी, आणि पुरती शुद्धीवर आल्यावर प्रथम थोडे पाणी, मग पातळ पेज द्यावी. हिरडी पांढरी पडली, पोट फुगले किंवा टाक्यांतून रक्त ठिबकत राहिले तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

तपासणीचे कागद बहुतेक घरांत त्याच दिवशी हरवतात. त्यांतील बिंबाणूंचा आणि क्रिएटिनिनचा आकडा आज निर्दोष असला तरी तो टाकून देऊ नये. तीन वर्षांनी तेच जनावर आजारी पडले, तर तेव्हाचा आकडा कशाशी ताडून पाहावयाचा तो हाच. शिधापत्रिका ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत लसीच्या कार्डासोबत तो ठेवावा, आणि दवाखान्यात जाताना ती पिशवी बरोबर घ्यावी.